शेजाऱ्याच्या आगीची घंटा

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी झोपण्यापूर्वी घरातील आग विझवण्याची ताकीद दिली आहे. टॉवरमध्ये राहणाऱ्यांना आपल्या घराबरोबर वरच्या-खालच्या घरांचीही काळजी असते. म्हणूनच तिथे फायर अलार्म लागतो.

लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली आणि ७२ जणांचा बळी गेला. सगळ्या इमारतीला एकदम जागे करणारा अलार्म तिथे नव्हता. रमजान सुरू होता. सहेरीसाठी जागे असलेल्या मुस्लिम रहिवाशांनी दारे ठोठावून शेजाऱ्यांना उठवले. पण उरलेले अकरा महिने त्या वेळी कोण जागे असते?

आपल्या सोसायटीतला जुना अलार्म वारंवार खोटा वाजत असेल, तर वॉचमन तो बंदच करून टाकतो. जुन्या पॅनेलवर फक्त विभाग कळतो. नव्या ‘ॲड्रेसेबल’ पॅनेलवर नेमका कोणता डिटेक्टर वाजला ते दिसते. म्हणून खर्च पाहून कुरकुर करू नये.

मात्र इमारतीत माणसे राहत असताना बदल करायचा, तर नवी यंत्रणा तपासून होईपर्यंत जुनी काढू नये. काम एकेक मजला घ्यावे. एखाद्या मजल्यावर अलार्म बंद ठेवावाच लागला, तर तिथे रात्रभर पहाऱ्याला माणूस हवा. स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेचा डिटेक्टर घ्यावा. नाहीतर रोजच्या फोडणीला घंटा वाजेल. दार लावलेल्या बेडरूममध्ये आवाज पोहोचतो का आणि वीज गेल्यावर पॅनेल बॅटरीवर चालते का, हेही पाहावे.

घरात पुरुष नाहीत म्हणून कारागिरांना दार उघडले जात नाही आणि तेवढेच घर यंत्रणेतून सुटते. यावर उपाय सोपा आहे. दिवस आणि वेळ आधी कळवावी, कारागिरांसोबत सोसायटीतील एखादी भगिनी असावी. त्याच फेरीत कमी ऐकू येणारे, अंथरुणाला खिळलेले यांची नोंद करावी.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पुढच्या सभेत ते पाहायला मागा आणि सर्वांसमोर एकदा घंटा वाजवून दाखवायला सांगा. शेजाऱ्याचा आपल्यावर एवढा हक्क नक्कीच आहे.