कुटुंबोपचाराचे प्रशिक्षण : चेन्नईची परंपरा आणि आंतरवासितेचा प्रश्न

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीद्वारे एम. फिल. पदवी बंद केली. मात्र चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन अभ्यासक्रमांना २०२४ च्या आरंभी २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत मुदत देण्यात आली. रुग्णालयात काम करत शिकण्याचा हा रुळलेला मार्ग बदलत असताना, कुटुंबोपचाराकडे वळणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष अनुभव कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली घ्यावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आहे. मानसिक आरोग्यसेवेची दीर्घ परंपरा असलेल्या चेन्नईच्या संदर्भात त्याचा विचार उद्बोधक आहे.

व्यक्तीचा त्रास एकट्या व्यक्तीत न शोधता नात्यांच्या जाळ्यात पाहावा, हे या उपचारपद्धतीचे मूळ सूत्र होय. अमेरिकेत मरे बोवेन यांनी १९५४ पासून रुग्णांसमवेत त्यांच्या कुटुंबीयांनाही रुग्णालयात ठेवून अभ्यास केला. त्याच दशकात अमृतसर येथे डॉ. विद्यासागर यांनी मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू उभारून नातलगांना उपचारात सहभागी करून घेतले. तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयानेही रुग्णाजवळ नातलगाने राहण्याची पद्धत रुजवली. म्हणजेच, भारतात कुटुंब हे उपचाराचे साधन सिद्धान्तातून नव्हे, तर गरजेतून बनले.

चेन्नईतील शासकीय मानसिक आरोग्य संस्थेचा इतिहास १७९४ पर्यंत मागे जातो. १९६१ ते १९७८ या काळात तिची धुरा डॉ. शारदा मेनन यांच्याकडे होती. त्यांनीच पुढे १९८४ मध्ये ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियाविषयी संशोधन व पुनर्वसन करणारी संस्था स्थापन केली. १९९३ मध्ये ‘द बॅनियन’ संस्थेने रस्त्यावर आलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी कार्य सुरू केले. १९५२ पासून कार्यरत असलेले मद्रास स्कूल ऑफ सोशल वर्कही याच नगरीत आहे. शिकणारे आणि शिकवणारे एकाच शहरात असणे ही चेन्नईची जमेची बाजू आहे.

तथापि, संस्थेत काही महिने हजेरी लावणे म्हणजे आंतरवासिता नव्हे. रुग्णालयातून घरी परतलेला तरुण, औषधांबाबत साशंक असलेले वडील, सारा भार वाहणारी आई आणि विवाहाच्या चिंतेतील बहीण एकाच खोलीत समोर बसतात, तेव्हा प्रत्येकाला प्रशिक्षणार्थी आपल्या बाजूने हवा असतो. अशा वेळी नकळत एकाची बाजू घेतली गेली, तर कुटुंबातील फूट अधिकच रुंदावते. म्हणूनच एका बाजूने दिसणाऱ्या काचेआडून अनुभवी उपचारकाने सत्र पाहणे, अथवा कुटुंबाच्या संमतीने सत्राचे ध्वनिचित्रमुद्रण करून नंतर त्यावर चर्चा करणे, ही या प्रशिक्षणाची प्रस्थापित रीत आहे.

भाषेचा प्रश्नही गौण नाही. महाराष्ट्रातून किंवा अन्य प्रांतांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीत सिद्धान्त शिकता येतो. पण घरातील टोमणा, मौन आणि संबोधनातील मान-अपमान तमिळ जाणल्याशिवाय उमगत नाहीत. दुभाष्याच्या मदतीने माहिती मिळते, नात्यांचा सूर मिळत नाही.

कायद्याच्या बाजूनेही स्पष्टता अपुरी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार राज्य प्राधिकरणाकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांची नोंदणी होते. ‘कुटुंबोपचारक’ हा त्यात स्वतंत्र वर्ग नाही. त्याच कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मात्र अनेकांच्या उपस्थितीत चालणाऱ्या उपचारात एकाने एकांतात सांगितलेली बाब दुसऱ्यासमोर कितपत यावी, याचा निर्णय नवख्या विद्यार्थ्यावर सोडणे उचित नाही.

दुसरीकडे गरज मोठी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना मानसिक विकार असल्याचे आढळले. विविध विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित होते. तामिळनाडूचा या सर्वेक्षणातील १२ राज्यांत समावेश होता. मनुष्यबळाच्या अशा टंचाईत प्रशिक्षणार्थीलाच पूर्ण उपचारक समजून कामाला जुंपण्याचा मोह संस्थांना होणे स्वाभाविक आहे. त्याची किंमत मात्र प्रथम कुटुंबाला आणि नंतर आत्मविश्वास गमावलेल्या विद्यार्थ्याला मोजावी लागते.

त्यामुळे आंतरवासितेचे मोजमाप केवळ तासांवर न ठेवता पर्यवेक्षणावर ठेवणे श्रेयस्कर ठरेल. आधी निरीक्षण, मग सहउपचार आणि त्यानंतर देखरेखीखाली स्वतंत्र सत्र, असा क्रम महाविद्यालय व संस्था यांच्या लेखी करारात नमूद असावा. समोरील व्यक्ती प्रशिक्षणार्थी आहे, हे कुटुंबाला आरंभीच सांगितले जावे आणि नकार देण्याची मुभाही असावी. पर्यवेक्षकाचा वेळ हा खर्च नसून उपचाराचाच भाग आहे, हे मान्य झाले तरच चेन्नईत रुजलेल्या कुटुंबकेंद्री सेवेचा वारसा पुढील पिढीच्या हाती सुरक्षितपणे जाईल.