सगळंच ऑटोमॅटिक कशाला?

आपल्या मंडळींपैकी बरेच जण नोकरी सांभाळून घरचा व्यवसायही बघतात. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून भेटले की प्रश्न ठरलेला: "ऑफिसचं सगळं ऑटोमॅटिक करायचंय, काय घेऊ?" माझा उलट प्रश्न असतो, "सगळं कशाला?"

याचं चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. हातोद तहसिलीचं गाव, त्यामुळे जमीन घेतली की आधी रजिस्ट्री, मग नामांतरण, हे इथे सगळ्यांना पाठ. (महाराष्ट्रातले नातेवाईक त्याला फेरफार म्हणतात.) पूर्वी रजिस्ट्रीनंतर नामांतरणासाठी वेगळा अर्ज आणि तहसिलीच्या चकरा. मग सायबर तहसील आली. २०२२ मध्ये सीहोर आणि दतिया जिल्ह्यांत प्रयोग झाला आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला ती राज्याच्या सर्व ५५ जिल्ह्यांत लागू झाली. आता रजिस्ट्री झाली की प्रकरण आपोआप नोंदवलं जातं, नोटीस निघते, पटवाऱ्याचा अहवाल ऑनलाइन येतो आणि आदेशही ऑनलाइनच होतो.

यातली हुशारी मात्र मर्यादेत आहे. सुरुवातीला या व्यवस्थेत फक्त पूर्ण खसऱ्याची आणि वाद नसलेली प्रकरणं घेतली. कुणाची हरकत आली की प्रकरण नेहमीच्या तहसीलदारांकडे. सरळ प्रकरणातही अहवाल पटवारीच देतो आणि आदेश अधिकारीच काढतो. संगणक काय करतो? कागद अडू देत नाही. भावाभावांच्या वाटणीत कोण खरं बोलतंय, हे त्याला विचारायचंच नाही.

आपल्या ऑफिसातही असंच बघावं. ऑटोमेशनच्या साधारण चार पायऱ्या असतात. पहिली, नोंद एका जागी: व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपऐवजी सगळ्यांची एकच शीट. दुसरी, आठवण: तारीख जवळ आली की संगणक सांगतो, काम माणूस करतो. तिसरी, तयारी: संगणक हिशोब करून कागद पुढे सरकवतो, "हो" माणूस म्हणतो. चौथी, संगणक काम करून मोकळा होतो, आपल्याला फक्त कळवतो.

कोणत्या कामाला कोणती पायरी? तीन गोष्टी विचारा. हे काम महिन्यातून किती वेळा होतं? दर वेळी सारखंच असतं का? आणि चुकलं तर परत फिरवता येतं का?

शिल्लक असलेली एक दिवसाची रजा? चौथी पायरी चालेल, चुकलं तर दुरुस्त होतं. पगार? हिशोब संगणकाने करावा, पैसे सोडण्याआधी माणसाने यादी बघावी. पुरवठादाराचा ईमेल आला की "आमचा बँक खाते नंबर बदललाय"? इथे संगणकाने थांबायलाच हवं. जुन्या नंबरवर फोन करून खात्री झाल्याशिवाय पैसे सोडू नका, कारण अशाच ईमेलने फसवणूक होते आणि गेलेले पैसे परत मिळणं कठीण.

उधारीची आठवण हे काम दिसायला सोपं. दर महिन्याला मेसेज आपोआप गेला, काय बिघडलं? पण ज्या ग्राहकाकडे त्या दिवशी तेरावा आहे, त्यालाही तो जाईल. रक्कम वसूल होईल, तीस वर्षांचा संबंध राहील का? म्हणून मेसेज तयार संगणकाने करावा, पाठवण्याआधी यादीवर नजर मुनीमजींनी टाकावी.

आणि हो, सॉफ्टवेअर घेण्याआधी याच मुनीमजींजवळ बसा. नियम कुणीही सांगेल, अपवाद त्यांनाच माहीत असतात. एकच काम निवडा आणि महिनाभर वहीत लिहा: किती वेळा झालं, किती वेळा नियम मोडावा लागला. दुसरा आकडा मोठा निघाला, तर ते काम अजून दुसऱ्या पायरीवरच बरं.