भवानीचं गिऱ्हाईक



पाडवा जवळ आला की आपल्या मंडळात दोन प्रश्न हमखास निघतात. फराळाची ऑर्डर कोणाकडे द्यायची आणि नवी गाडी कोणती घ्यायची. पहिल्याचं उत्तर कार्यकारिणी शोधेल. दुसऱ्याबद्दल या वेळी आपण बोलू, कारण यंदा त्या प्रश्नाला एक शेपूट जोडलेलं आहे: "इलेक्ट्रिक घ्यावी का हो?"

कोणती घ्या, हे मी सांगणार नाही. मी गाड्यांचा जाणकार नाही. नोकरीची सगळी वर्षं मी मार्केटिंग शिकवलं, त्यामुळे मला वेगळ्याच गोष्टीचं कुतूहल आहे. हा प्रश्न तुम्ही कोणाला विचारता? शोरूममधल्या माणसाला नाही. जोशांच्या मुलाने गेल्या वर्षी घेतली ना, त्याला विचारता. गाडी विकणाऱ्या कंपनीला हे तुमच्या-माझ्यापेक्षा फार आधीपासून ठाऊक आहे.

आपल्याकडे पेठेतला दुकानदार सकाळच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतो. (मुलांनो, तुम्ही हा शब्द फक्त देवीचं नाव म्हणून ऐकला असेल. दुकानात त्याचा अर्थ हा.) पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे तो कपाळाला लावतो आणि मग गल्ल्यात टाकतो. दोन रुपये कमी घेईल, पण भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ देणार नाही. पहिलं गिऱ्हाईक पुढची गिऱ्हाइकं घेऊन येतं, ही त्याची श्रद्धा. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी ही श्रद्धा आकड्यांनी तपासली, आणि तीही इथून फार लांब नाही, शेजारच्या आयोवात, मक्याच्या शेतात.

१९२८च्या सुमारास आयोवात मक्याचं संकरित बियाणं आलं. पीक जास्त, दुष्काळात टिकाव जास्त. पण ते दर वर्षी विकत घ्यावं लागे, आणि तोवर शेतकरी घरच्याच कणसांतून निवडून बी ठेवत आले होते. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी २५९ शेतकऱ्यांना भेटून, कोणी कधी आणि का बी बदललं, हे विचारलं. १९४३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. १९४१पर्यंत त्यातल्या दोघांखेरीज सगळ्यांनी नवं बी घेतलं होतं, पण एवढ्या फायद्याच्या वस्तूलाही जवळजवळ तेरा वर्षं लागली होती. नव्या बियाण्याची बातमी सर्वांत जास्त शेतकऱ्यांना पहिल्यांदा विक्रेत्याकडून कळली. विश्वास मात्र बसला तो शेजाऱ्याच्या शेताकडे बघून. बातमी विक्रेत्याची, खात्री शेजाऱ्याची. या अभ्यासातून एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आयोवातच वाढलेला एव्हरेट रॉजर्स हा शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवी यंत्रं आवडत, पण संकरित बियाण्याला ते तयार नव्हते. १९३६च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला आणि शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला. मुलाने ते पाहिलं. पुढे प्राध्यापक होऊन १९६२ साली त्याने नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर पुस्तक लिहिलं आणि माणसांचे पाच गट पाडले. आपल्या मंडळात दोनशे कुटुंबं आहेत असं धरून त्याचं गणित मांडतो. पहिली पाच कुटुंबं धाडसी. नवं काहीही आलं की यांच्या दारात. त्यानंतरची सत्तावीस म्हणजे लवकर स्वीकारणारी. मग अडुसष्ट विचार करून घेणारी, आणखी अडुसष्ट सगळ्यांनी घेतल्यावर घेणारी, आणि शेवटची बत्तीस "आमची जुनी काय वाईट आहे?" म्हणणारी.

यात मोलाची कुटुंबं पहिली पाच नव्हेत. त्यांचं कौतुक होतं, पण त्यांचं ऐकून कोणी पैसे घालत नाही. "त्याचं काय, तो काहीही घेतो!" असं म्हणून आपण सोडून देतो. मोल आहे त्या सत्तावीसांना. मुलाच्या कॉलेजपासून छपराच्या कंत्राटदारापर्यंत सगळं ज्यांना विचारून ठरतं, ती ही माणसं. कंपनीला हवे असतात ते हे लोक, कारण त्यांनी वर्षानुवर्षं मिळवलेला शब्द कोणत्याही जाहिरातीत विकत मिळत नाही. २०२४ साली अमेरिकेत विकलेल्या नव्या गाड्यांत निव्वळ विजेवर चालणाऱ्या सुमारे आठ टक्के होत्या. म्हणजे देशभराचा विचार केला तर आपण अजून या सत्तावीसांच्याच अंगणात आहोत.

आता विजेच्या गाड्यांच्या इतिहासात पहिल्या गिऱ्हाइकांचं काय झालं ते पाहा. तीन गोष्टी सांगतो.

पहिली जनरल मोटर्सची. १९९४ साली कंपनीने इम्पॅक्ट नावाच्या पन्नास प्रायोगिक गाड्या सामान्य लोकांना एक-दोन आठवडे वापरायला देण्याचं ठरवलं. लॉस एंजेलिसमध्ये शंभराच्या आत लोक पुढे येतील असा अंदाज होता. दहा हजार फोन आल्यावर फोन बंद करावे लागले. १९९६च्या अखेरीस तीच गाडी ईव्ही-१ या नावाने कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात आली, पण फक्त भाडेकराराने. विकत कोणालाच नाही. सगळ्या मिळून अकराशेच्या वर थोड्या गाड्या बनल्या. ज्यांना मिळाल्या ते तिच्या प्रेमात पडले आणि फुकटात तिचा प्रचार करू लागले. मग कंपनीने कार्यक्रमच बंद केला. करार संपतील तशा गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. २००५ साली बरबँकच्या आवाराबाहेर लोक पहाऱ्याला बसले. आत उरलेल्या अठ्ठ्याहत्तर गाड्यांसाठी त्यांनी प्रत्येकी २४ हजार डॉलर देऊ केले. कंपनी नको म्हणाली. तोट्याचा धंदा बंद करण्याचा कंपनीला हक्क होता, हे मी मान्य करतो. पण पेठेतल्या दुकानदाराला विचाराल तर तो कानाला हात लावेल. भवानीचं गिऱ्हाईक पैसे घेऊन दाराशी उभं, आणि आपण माल फोडून टाकायचा?

दुसरी गोष्ट टेस्लाची. २००८ साली लाखभर डॉलरची रोडस्टर आली. सगळ्या मिळून अडीच हजारांच्या आत-बाहेर खपल्या. घेणारे बहुतेक पैसेवाले आणि हौशी. त्यांच्या हौशीवर पुढच्या, स्वस्त गाड्या उभ्या करायच्या, ही योजना कंपनीने २००६ सालीच उघड लिहून ठेवली होती. दूरदर्शनवर जाहिराती न देता कंपनीने गाडीचे मालकच विक्रेते केले. २०१५ साली शिफारस योजना आली: तुमच्या सांगण्यावरून कोणी गाडी घेतली तर त्याला हजार डॉलर सूट आणि तुम्हाला हजार डॉलर. पुढे बक्षिसं वाढत गेली. भरपूर शिफारशी जमवणाऱ्यांना २०१७ साली दाखवलेली नवी रोडस्टर देण्याचं आश्वासन मिळालं. योजनेचा खर्च वाढला आणि २०१९च्या फेब्रुवारीत ती त्या रूपात बंद झाली. ती नवी रोडस्टर अजून रस्त्यावर आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? शेजाऱ्यालाही सूट, मलाही सूट. हिशेब बरोबर आहे. पण आयोवाच्या त्या शेजाऱ्याला बियाण्याच्या कंपनीकडून दर पोत्यामागे काही मिळत असतं, आणि बाकीच्यांना ते ठाऊक नसतं, तर त्याच्या शेताकडे बघून कोणी काय ठरवायचं? विक्रेता आणि शेजारी या दोघांत जो फरक होता तोच पुसला जातो. म्हणून इथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शिफारशीमागे पैशाचा संबंध असेल तर तो स्पष्ट सांगावा. आपल्या व्हॉट्सॲप गटावर शिफारशीची लिंक टाकताना "यात मलाही काही मिळतं" ही चार शब्दांची ओळ टाकायला किती वेळ लागतो? त्या ओळीने सूट कमी होत नाही, आणि तुमचा शब्द शाबूत राहतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. निसान लीफ २०१०च्या डिसेंबरात आली. ॲरिझोनात, फिनिक्सच्या उन्हात, ज्यांनी ती पहिल्यांदा घेतली त्यांच्या लक्षात २०१२च्या उन्हाळ्यात आलं की बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर उतरते आहे. गाडीत क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्या होत्या; त्या एकेक विझू लागल्या. हे लोक गाडीचे भक्त होते. गप्प बसले असते तर कंपनीची लाज राखली गेली असती. ते गप्प बसले नाहीत. आपापल्या नोंदी एकमेकांशी ताडून त्यांनी त्या जाहीरपणे मांडल्या. वर्ष संपायच्या आत कंपनीने क्षमतेची हमी जाहीर केली: पाच वर्षं किंवा साठ हजार मैलांत नऊ पट्ट्यांच्या खाली गेली तर बॅटरी दुरुस्त करू किंवा बदलू. लीफ घेणाऱ्या पुढच्या माणसाला ही हमी आयती मिळाली. ती कोणामुळे मिळाली, हे त्याला बहुधा माहीतही नसेल.

पहिल्या गिऱ्हाइकाचं खरं काम हे आहे. गाडीची तारीफ करायला कंपनीकडे पगारी माणसं आहेत. तिच्या खोडी सांगायला मात्र तुमच्याशिवाय कोणी नाही.

आणि खोडी आहेत. २०२४च्या जानेवारीतली ती थंडीची लाट शिकागोकर विसरले नसतील. चार्जिंगच्या ठिकाणी तासन्‌तास रांगा, गारठलेल्या बॅटऱ्या चार्ज घेईनात, काही गाड्या टो करून न्याव्या लागल्या. ती चित्रं दूरदर्शनवर दिसली तेव्हा ज्यांच्या गॅरेजमध्ये स्वतःचा चार्जर होता ते शांतपणे म्हणाले, "आम्हाला काही त्रास झाला नाही." दोन्ही खरं होतं. पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या, बाहेरच्या चार्जरवर अवलंबून असलेल्या तरुण जोडप्याला स्वतंत्र घरात राहणाऱ्या काकांचा अनुभव किती उपयोगी? म्हणून शेजाऱ्याला विचारताना आपल्यासारखाच शेजारी निवडा. नाहीतर काका खरं बोलूनही तुमची फसगत व्हायची.

विचारायचं काय, तेही सांगतो. एक, घरी २४० व्होल्टचा चार्जर बसवायला एकूण किती खर्च आला? दोन, जुलैमध्ये किती मैल जाते आणि जानेवारीत हीटर लावून किती? तीन, लांबच्या प्रवासात वाटेत किती वेळ थांबावं लागलं? चार, विमा आणि टायर यांचा खर्च आधीच्या गाडीच्या मानाने किती? पाच, मी घेतली तर तुला काय मिळेल? पाचवा प्रश्न हसत विचारा, पण विचारा.

यंदा हे प्रश्न जास्त महत्त्वाचे झाले आहेत. नव्या इलेक्ट्रिक गाडीवरची केंद्र सरकारची ७,५०० डॉलरपर्यंतची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली. सरकारचा हात निघाल्यावर कंपन्यांचा भार पहिल्या गिऱ्हाइकांच्या शब्दावर आणखी पडणार. तुम्हाला बक्षिसं, मोफत चार्जिंग, आमंत्रणं येतील. जरूर घ्या. मिळकत लपवू नका, एवढंच.

शेवटचा शब्द इथे जन्मलेल्या मुलामुलींसाठी. आपल्या घरांत गाडीच्या बाबतीत एक उलटा प्रकार चालतो. आई-बाबा अमेरिकेत येऊन तीस वर्षं झाली असली, तरी नवं यंत्र घेताना ते तुमच्याकडे बघतात. तुम्ही "घ्या" म्हणालात की चाळीस हजार डॉलर खर्च होतात, आणि तेही बऱ्याचदा निवृत्तीच्या उंबरठ्यावर. तुम्हाला स्क्रीन मोठा आहे आणि वेग चांगला आहे हे दिसतं. बाबांना रात्री अंधारात केबल लावता येईल का, आईला सीटवरून उठताना गुडघे दुखतील का, हे तुम्हीच बघायला हवं. एका शनिवारी दोघांना बरोबर घेऊन गाडी चालवून बघा. ती त्यांना चालवायला द्या, तुम्ही मागे बसा. मागे बसून ऐकलेलं पुष्कळ उपयोगी पडतं.

ज्यांच्या दारात या पाडव्याला नवी गाडी येणार आहे, त्यांनी बॉनेटवर स्वस्तिक काढावं, झेंडूचा हार घालावा, चाकाखाली लिंबू ठेवावं. गाडी विजेची असली तरी लिंबाला काही अडचण नाही. आणि पुढच्या फेब्रुवारीत, उणे तापमानात, मंडळाच्या हळदी-कुंकवाला कोणी विचारलं, "कशी आहे हो गाडी?" तर जशी असेल तशी सांगा.

शुभ दीपावली.