कमाई दर महिन्याला वेगळी, मग ग्रीन कार्डच्या फॉर्ममध्ये 'वार्षिक उत्पन्न' किती लिहायचं?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माणसाला नवरा, बायको किंवा आई-वडिलांना ग्रीन कार्डवर बोलावून घ्यायचं असेल, तर एका फॉर्मपासून सुटका नसते. त्याचं नाव आय-८६४. सोप्या शब्दांत हे आर्थिक हमीपत्र आहे. येणाऱ्या माणसाचा भार सरकारवर पडू देणार नाही, असं बोलावणाऱ्याने, म्हणजे स्पॉन्सरने, लिहून द्यायचं.

या फॉर्ममध्ये स्पॉन्सरचं सध्याचं वार्षिक उत्पन्न विचारलेलं असतं. बांधलेला पगार घेणाऱ्यासाठी ते दहा सेकंदांचं काम. पण उबर चालवणारा, रेस्टॉरंटमध्ये टिपवर अवलंबून असणारा, तासावर काम करणारी, घरं विकून कमिशन मिळवणारी, यांनी काय लिहायचं? गेल्या वर्षी मिळाले ते, या वर्षी मिळतील असं वाटतं ते, की एका चांगल्या महिन्याला बारानं गुणून येतील ते?

भारतातून कुटुंबाच्या नात्यावर ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या मुलाखती मुंबईत, बीकेसीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये होतात. म्हणजे आकडा लिहिला जातो न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये, पण तो पटला नाही तर खिडकीसमोर अडकते ती पुण्याहून किंवा नाशिकहून आलेली बायको, नाहीतर आई.

मुळात आकडा किती लागतो?

हा नियम १९९६ च्या इमिग्रेशन कायद्यातून आला आणि १९ डिसेंबर १९९७ पासून सध्याचं, कोर्टात लागू करता येणारं हमीपत्र सुरू झालं. अट अशी की स्पॉन्सरच्या कुटुंबाचं उत्पन्न अमेरिकी सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के हवं. सैन्यात असलेला स्पॉन्सर जोडीदाराला किंवा मुलाला बोलावत असेल तर १०० टक्के पुरतं.

ही रेषा तिथलं आरोग्य खातं दरवर्षी जानेवारीच्या सुमारास बदलतं. २०२५ च्या तक्त्यानुसार दोन माणसांच्या कुटुंबासाठी १२५ टक्के म्हणजे २६,४३७ डॉलर, चौघांसाठी ४०,१८७ आणि पाच जणांसाठी ४७,०६२ डॉलर. अलास्का आणि हवाईसाठी आकडे जास्त आहेत. माणसं मोजताना स्पॉन्सर, त्याचा जोडीदार, अवलंबून असलेली मुलं, आता येणारी व्यक्ती आणि आधी ज्यांच्यासाठी असंच हमीपत्र दिलंय ते, असे सगळे धरायचे. नवरा-बायको, एक मूल आणि भारतातून येणारे दोघं आई-वडील, हे झाले पाच.

आयटीतल्या वाचकांसाठी एक खुलासा. कंपनीमार्फत मिळणाऱ्या ग्रीन कार्डला सहसा हा फॉर्म लागत नाही. अर्ज करणारी कंपनीच नातेवाइकाची असेल, किंवा तिच्यात नातेवाइकाची किमान ५ टक्के मालकी असेल, तेव्हाच तो लागतो. एच-वन-बीवर असलेल्या माणसाला स्वतःलाही कुणाचं स्पॉन्सर होता येत नाही. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड हातात हवं.

प्रश्न भविष्याचा, कागद मागच्या वर्षाचा

खरा गुंता इथे आहे. फॉर्ममधला रकाना 'सध्याचं' उत्पन्न विचारतो आणि नियमांनुसार अधिकाऱ्याने पाहायचं असतं ते चालू वर्षाचं अपेक्षित उत्पन्न. पण फॉर्मसोबत सक्तीने जोडावं लागतं ते सर्वांत अलीकडचं आयकर विवरणपत्र, म्हणजे सरून गेलेलं वर्ष. त्याआधीच्या दोन वर्षांची विवरणपत्रं ऐच्छिक आहेत.

त्यामुळे दोन आकडे एकाच फॉर्मवर शेजारी येतात. गेल्या वर्षीचा आकडा कमी असला म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. नोकरी बदलली, तास वाढले, तर चालू वर्षाचा आकडा वरचढ ठरू शकतो. उलटही होतं. आकडा अटीत बसत असला तरी उत्पन्नाचा इतिहास पाहून 'हे टिकणार नाही' असा निष्कर्ष काढायची मुभा अधिकाऱ्याला आहे. मात्र त्यासाठी ठोस कारण हवं.

अंदाज कसा काढायचा, याचं सूत्र मात्र फॉर्म देत नाही. सूचनांमध्ये एवढंच म्हटलंय की मालकाचं पत्र किंवा मागच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडता येतील. तासावर काम करणाऱ्यासाठी या सहा महिन्यांना फार महत्त्व आहे. ते का, हे एका हिशेबावरून कळेल.

समजा, एका दुकानात तासाला १८ डॉलर मिळतात. आठवड्याला ३६ तास धरले तर वर्षाचे ३३,६९६ डॉलर होतात. २४ तास धरले तर २२,४६४. एक आकडा दोन माणसांच्या अटीच्या बराच वर, दुसरा खाली. नोकरी तीच, दर तोच. अट गाठायला आठवड्याला २८ तासांच्या थोडं वर काम लागतं आणि 'सरासरी किती तास' हे मालकाच्या वेळापत्रकावर ठरतं. मालकाने पत्रात फक्त 'तासाला १८ डॉलर' एवढंच लिहून दिलं तर त्याचा काही उपयोग नाही. सरासरी तासांचा उल्लेख हवा.

त्याहून पक्का आधार म्हणजे पगाराच्या पावतीवरची 'वर्षाच्या सुरुवातीपासून आजवर' ही बेरीज. ऑगस्टअखेर ती १९,२०० डॉलर असेल, तर महिन्याची सरासरी २,४०० आणि वर्षाचे २८,८००. ओव्हरटाइम, टिप, सुट्टीचे रिकामे आठवडे, सगळं त्यात आपोआप येतं. पण मार्चमध्ये एकदाच मिळालेला बोनस त्या बेरजेत असेल तर तो आधी वजा करायचा, मग सरासरी काढायची आणि बोनस एकदाच मिळवायचा. नाहीतर एक बोनस दीडपट होऊन बसतो. हंगामी धंद्यात आठ महिन्यांचा हिशेबही फसवा असतो. घरांचे व्यवहार उन्हाळ्यात जास्त होतात, हिवाळ्यात थंडावतात. अशांनी मागच्या सलग बारा महिन्यांची बेरीज घेतलेली बरी.

उबरवाल्याची गोष्ट वेगळी का?

स्वतःचा धंदा असलेल्यांना पगाराची पावती नसते. त्यांच्यासाठी कर विवरणपत्र हाच सगळ्यात वजनदार कागद. आणि तिथेच अनेकांना धक्का बसतो, कारण मोजलं जातं ते हातात आलेलं नाही, तर खर्च वजा जाऊन उरलेलं उत्पन्न.

समजा, २०२४ मध्ये एका चालकाच्या भाड्यांची एकूण रक्कम ६२,००० डॉलर झाली. त्यातून कंपनीचं कमिशन आणि शुल्क १७,००० गेलं. गाडी कामासाठी ३२,००० मैल चालली. अमेरिकी आयकर खातं २०२४ साठी मैलामागे ६७ सेंट खर्च धरू देत होतं, म्हणजे २१,४४० डॉलर. फोन वगैरे १,०६० धरू. उरले २२,५००. कर याच रकमेच्या आधाराने लागणार म्हणून चालक खूश. वर्षभराने बायकोचा अर्ज भरताना मात्र हाच आकडा समोर येतो आणि दोघांची अट तर २६,४३७ ची!

मैलाच्या दरात गाडीची घसारा-झीजही धरलेली असते. त्यामुळे प्रत्यक्ष खिशात २२,५०० पेक्षा जास्त राहिले असतील. पण फॉर्म खिसा बघत नाही, विवरणपत्राची ओळ बघतो. कर वाचवायला जो आकडा लहान केला, तोच इथे मोठा दाखवता येत नाही. म्हणून सीपीएशी बोलायची वेळ विवरणपत्र भरण्याआधीची, बायकोचा अर्ज निघाल्यानंतरची नाही.

चालू वर्षी धंदा खरंच वाढला असेल तर ते दाखवता येतं. त्यासाठी महिन्यावार जमाखर्च, बँकेची स्टेटमेंट्स, ॲपमधून निघणारे आठवड्याचे तपशील आणि तिमाही आगाऊ कर भरल्याच्या पावत्या लागतात. यातल्या पावत्यांना वेगळं वजन आहे. उत्पन्न वाढेल असं तोंडी कुणीही म्हणेल, त्यावर आगाऊ कर भरणारे थोडे.

दुसरी नोकरी करत धंदा करणाऱ्यांनाही एक सूचना. आय-८६४ ची एक छोटी, सोपी आवृत्ती आहे. पण ती एकाच व्यक्तीला बोलावताना आणि फक्त डब्ल्यू-२ वर दिसणारा पगार किंवा पेन्शन दाखवतानाच चालते. धंद्याचं उत्पन्न दाखवायचं असेल तर मोठा फॉर्मच भरावा लागतो.

रोखीचं काय?

घरून डबे देणाऱ्या काकू, मुलं सांभाळणाऱ्या मावशी, सत्यनारायण सांगायला जाणारे गुरुजी. परदेशातल्या मराठी वस्त्यांमध्ये ही कमाई बऱ्याचदा रोख असते आणि कागदावर येत नाही. हिशेब साधा आहे: जे उत्पन्न कर खात्याला सांगितलेलं नाही, ते इथे मोजायला आणणं म्हणजे स्वतःच्या सहीने करचुकवेगिरी कबूल करणं. फॉर्म खोटा ठरल्यास खोट्या साक्षीची शिक्षा, या अटीवरच सही घेतली जाते. विवरणपत्र भरणं बंधनकारक असूनही ते भरलं नसेल, तर आधी ते उशिराने का होईना भरावं लागतं. मगच हमीपत्राची वाट मोकळी होते. सरकारी मदतीचे पैसे, उदाहरणार्थ अन्नासाठी मिळणारी कुपनं, उत्पन्नात धरता येत नाहीत.

दुसरे देश हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवतात. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांची अट आहे. तिथे सहा महिने एकाच ठिकाणी काम करणाऱ्या, पण पगार कमी-जास्त होणाऱ्या माणसासाठी त्या सहा महिन्यांच्या सरासरीला बारानं गुणतात. धंदेवाल्याचं मागचं पूर्ण आर्थिक वर्ष किंवा दोन वर्षांची सरासरी बघतात. कॅनडात आई-वडिलांना बोलावताना सलग तीन वर्षांची करनोंद पाहतात. या पद्धती कडक आहेत, पण त्यात अंदाजाला जागा कमी, त्यामुळे भांडणही कमी. अमेरिकेने अंदाज बांधायचं काम माणसावर टाकलं आणि तो मान्य करायचं काम अधिकाऱ्यावर.

कमी पडलं तर?

आकडा ताणण्यापेक्षा फॉर्ममध्येच दिलेले मार्ग बरे. एक म्हणजे घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाचं उत्पन्न जोडणं. त्यासाठी त्या व्यक्तीला आय-८६४-ए या वेगळ्या फॉर्मवर सही करावी लागते. दुसरा म्हणजे मालमत्ता. अमेरिकी नागरिक जोडीदाराला बोलावत असेल तर तुटीच्या तिप्पट, आई-वडिलांसाठी पाचपट किमतीची मालमत्ता दाखवावी लागते. वरच्या चालकाची तूट ३,९३७ डॉलर. तिप्पट म्हणजे ११,८११. एवढी शिल्लक बँकेत असेल तर प्रश्न मिटू शकतो.

मालमत्ता येणाऱ्या माणसाची असली तरी चालते. म्हणजे आई-वडिलांचा पुण्यातला फ्लॅट? दाखवता येतो, पण तो मोठं नुकसान न होता वर्षभरात विकून पैसे होतील असा हवा, त्यावरचं कर्ज वजा जातं आणि पैसे भारताबाहेर नेता येतील हे दाखवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतात राहणाऱ्याला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. वारसांच्या सह्या अडकलेली गावाकडची जमीन या कसोटीवर टिकणं कठीण.

तिसरा मार्ग म्हणजे जॉइंट स्पॉन्सर. मित्र, काका, मामेभाऊ, कुणीही चालतो. फक्त तो नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा, अमेरिकेत राहणारा हवा आणि त्याचं उत्पन्न एकट्याच्या बळावर पुरेसं हवं. दोघांचे अर्धे-अर्धे चालत नाहीत. पण त्याच्याकडे सही मागताना मूळ स्पॉन्सरची जबाबदारी मात्र सुटत नाही. दोघंही बांधले जातात.

ही बांधिलकी किती काळ? येणारी व्यक्ती अमेरिकी नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर सामाजिक सुरक्षा योजनेच्या ४० तिमाह्या जमा होईपर्यंत. वर्षाला जास्तीत जास्त चार तिमाह्या मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षांचं काम. ती व्यक्ती कायमची देश सोडून गेली किंवा तिचा मृत्यू झाला तरी हमी संपते. घटस्फोटाने संपत नाही. पूर्वाश्रमीची पत्नी कोर्टात जाऊन दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत निर्वाहखर्च मागू शकते आणि 'तिने नोकरी शोधायला हवी होती' हा बचाव २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने मान्य केला नाही. मे २०१९ मध्ये ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशात तर सरकारी योजनांचा खर्च स्पॉन्सरकडून वसूल करण्यावर भर होता.

त्यामुळे भाच्याच्या बायकोसाठी मोठ्या मनाने सही करणाऱ्या मामांनाही आधी ही अट वाचायला द्यावी लागेल. मामा नाही म्हणाले, तर चालकाला आणखी काही महिने जास्त फेऱ्या मारून पुढचं विवरणपत्र येईपर्यंत थांबावं लागेल.