झाडूला हार घातला, हक्काचे काय?

आधी बुलडोझर आणि मग टॉवर, यालाच शहराचा विकास म्हणतात, असे गरिबांच्या मनावर सतत बिंबवले जाते. शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने ही समजूत खोटी ठरवली होती. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते.

स्कॉटलंडचे गेडिस मूळ वनस्पतिशास्त्राचे. पण ते केवळ पुस्तकी पंडित नव्हते. १८८० च्या दशकात ते पत्नीसह एडिंबरोच्या बकाल वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन साफसफाई केली, भिंतींना चुना लावला, जुन्या इमारती घेऊन दुरुस्त केल्या. १८९६ मध्ये या कामासाठी त्यांनी भागभांडवलाची कंपनीही काढली. म्हणजे घरबांधणीचा व्यवहार त्यांना कळत होता.

१९१४ मध्ये ते भारतात आले. अनेक शहरांचे अहवाल लिहिताना त्यांनी एकच गोष्ट बजावली: सरसकट पाडापाडीने झोपडी संपत नाही, गरीब माणूस शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागतो. म्हणून मोजकीच घरे काढा, हवा-उजेडाला वाट करा, वस्ती राखा.

१९१७-१८ मध्ये प्लेगने ग्रासलेल्या इंदूरचा आराखडा त्यांनी केला. दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न नेता, जिथली घरे जास्त स्वच्छ त्या रस्त्याने नेली. मिरवणुकीत सफाई कामगार होते. अंगावर नवे पांढरे कपडे, झाडूंना फुलांच्या माळा. ज्यांची सावलीही विटाळ मानली जाई, त्यांचा हा जाहीर सन्मान होता. गेडिस यांचा हेतू प्रामाणिक होता, हे आम्ही मान्य करतो.

पण दुसऱ्या दिवशी काय? झाडूवरची फुले सुकली आणि झाडू त्याच जातीच्या हातात राहिला! इंदूरजवळच्याच महूमध्ये जन्मलेल्या बाबासाहेबांनी जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे माळ मागितली नाही. मताचा अधिकार आणि प्रतिनिधित्व मागितले. सन्मान देणारा तो परतही घेऊ शकतो. हक्काचे तसे नसते.

आजही सफाई कामगारांचे सत्कार होतात, फोटो छापून येतात. गटारात मात्र तोच गुदमरतो. पुनर्विकासाच्या कागदावर त्याची खोली पात्र की अपात्र, हे ठरवणाऱ्या टेबलावर त्याचे कोणी नसते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गेडिस यांच्याकडून वस्ती वाचण्याची विद्या घ्यावी आणि बाबासाहेबांकडून हक्काची भाषा. आपल्या मुलामुलींनी डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर जरूर व्हावे. पण नगररचनाकारही व्हावे. वस्तीच्या कार्यकर्त्याला विकास आराखडा वाचता आला पाहिजे, हरकतीची मुदत माहीत असली पाहिजे. नकाशावर रेघ दुसऱ्याने ओढायची आणि घर आपण रिकामे करायचे, हे किती दिवस चालू द्यायचे?