थॅलियमची बातमी होते, शिशाची का होत नाही?

2023 साली गडचिरोली जिल्ह्यातल्या महागावात एकाच कुटुंबातील पाच जण दगावले आणि पोलीस तपासात थॅलियमचे नाव पुढे आले. या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही, हे मग माध्यमांनी रंगवून रंगवून सांगितले.

थॅलियम घातक आहेच. एकेकाळी त्याचे क्षार उंदीर मारण्यासाठी विकले जात. शरीर त्याला पोटॅशियम समजून आत घेते. हातपाय जळजळतात, दोन-तीन आठवड्यांत केस गळतात. वेळीच निदान झाले तर प्रशियन ब्ल्यू हे औषध आहे. थॅलियम-201 तर हृदयाच्या तपासणीत वापरतात.

मूलद्रव्यांच्या तक्त्यात थॅलियम 81 वा, त्याच्या शेजारी 82 वे शिसे. ते शरीराला कॅल्शियमसारखे भासते, हाडांत साठते, मुलांचा मेंदू खुंटवते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोक्याच्या पातळीवर आहे. त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. यावर किती चर्चा झाल्या?

जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्या भट्टीत शिसे वितळवणारे हात कोणाचे असतात? त्या भट्टीशेजारी कोणाची वस्ती असते? आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. शिशाची धूळ कामाच्या कपड्यांवरून घरात येते आणि रांगत्या लेकराच्या तोंडात जाते. इथे कोणी खुनी सापडत नाही, म्हणून बातमीही होत नाही.

कायदा नव्हता असे नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते. कामगाराचे आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, हा आग्रह आपल्याला नवा नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिलीच होती. पण ज्या भट्टीची कारखाना म्हणून नोंदच नाही, तिथल्या मजुराचा आजार कोण कळवणार?

म्हणून आम्ही म्हणतो, जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेवर थांबू नका. भंगार आणि बॅटरीचे काम करणाऱ्या कुटुंबांची यादी करा. त्यांच्या मुलांच्या रक्तातील शिशाची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत व्हावी, ही लेखी मागणी करा. जिल्ह्यात अशा किती भट्ट्या तपासल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर आले नाही तर अपील करा.

जय भीम!