शाखांच्या पलीकडे

मुंबई विद्यापीठाच्या दफ्तरी कला, विज्ञान आणि वाणिज्य या शाखा पिढ्यान्‌पिढ्या विभक्त कुटुंबांसारख्या नांदल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाच्या जोडीला अन्य शाखेतील गौण विषय घेण्याची मुभा दिल्यामुळे, मुलुंड, घाटकोपर वा बोरिवलीच्या विद्यार्थ्याला रसायनशास्त्राबरोबर अर्थशास्त्रही अभ्यासण्याची वाट तत्त्वतः मोकळी झाली आहे. नाण्यांच्या वजनांवरून इतिहास उलगडणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी या मार्गाचे सामर्थ्य पूर्वीच सिद्ध केले. परंतु त्यांच्या व्यासंगाचा पाया गणितात पक्का होता, हे विस्मरून चालणार नाही. एका विषयात खोल मुरल्यावाचून दुसऱ्याशी संवाद संभवत नाही, आणि महाविद्यालयांनी अध्यापकांची व वेळापत्रकाची तजवीज न केल्यास ही मुभा कागदोपत्रीच राहील. प्रस्तुत अंकातील लेख वाचकांनी याच दृष्टीने पारखावेत, ही विनंती.